जॉर्डनचा उतार

४ मार्च
पाद्रीसाहेबांनी आज कुंपणाशीच गाठलं. चर्चमध्ये पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात त्या टाकीमागची भिंत कोरी आहे, तिच्यावर येशूच्या बाप्तिस्म्याची जॉर्डन नदी काढून द्या म्हणाले. "तुम्ही गुरांच्या छावणीत रिकाम्या पोत्यांवर चित्रं काढता, ती पाहिलीत मी." मला कुणी शिकवलेलं नाही, असं सांगितलं. "बायबलातल्या मेंढपाळ दावीदाला तरी गोफण कुणी शिकवली होती?" – आणि हसले. हो म्हणून बसलो!

पन्नाशीला आलो. नदी एकच पाहिली – आपली, घरामागची.

९ मार्च
गाई वितायत. दिवसभर गोठ्यात. चित्राला हात नाही.

१७ मार्च
प्रार्थना करून सुरुवात केली. डोंगरांना कोठाराचा उरलेला लाल रंग. पाणी काही जमेना – निळं केलं की खोटं दिसतं. शेवटी गढूळ केलं, बर्फ वितळताना आपल्याकडे असतं तसं. काठावर चार गाई. त्यांच्याशिवाय काठ सुना वाटत होता.

२६ मार्च
रँचवरचा माझ्या जोडीचा गुराखी ग्रेडी मुद्दाम बघायला आला. "जॉर्डनकाठी आपल्या मालकाची गुरं कशी पोचली रे? मग मालकाची खूण डागून पण टाक, नाहीतर कुणीतरी पळवेल!" पाद्रीसाहेबही म्हणाले, गाई तेवढ्या काढून टाका.

२ एप्रिल
बायको, लुएला, जेवण घेऊन आली. भिंतीकडे बघितलं आणि थांबली. हातातला डबा खाली ठेवलाच नाही.

"अहो, हा तर भावजींचा उतार."

तोच – व्हर्न नदी ओलांडायचा ती जागा. वाकलेलं झाड, पलीकडची दरड – सगळं तेच. मला कसं दिसलं नाही! काढताना हात आपोआप तिकडे गेला. इथेच चार वर्षांपूर्वी नदी ओलांडताना माझ्या धाकट्या भावाची, व्हर्नची मुलगी इडा घोडीसकट वाहत गेली. घोडी पलीकडे निघाली. पोर नाही. तेव्हापासून व्हर्न चर्चची पायरी चढलेला नाही. नदीत पाऊल नाही. गुरंसुद्धा लांबच्या पुलावरून नेतो.

पुसायला हवं. ईस्टर तोंडावर आला.

३ एप्रिल
पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. बंद केला.

८ एप्रिल
गावात काही लपतं होय! व्हर्न आला. मी शिडीवर. त्याने टोपी काढली नाही. थेट टाकीच्या कडेला येऊन भिंत बघितली.

"पुसतो रे," मी म्हटलं. "आजच पुसतो."

"दादा, पाणी फार रुंद केलंस." मग पलीकडच्या काठाकडे बोट करून – "एवढं नव्हतं. इडा हाकेच्या अंतरावर होती."

ब्रश हातातच वाळला.

जाता जाता दारातून म्हणाला, "गाई पुसणार आहेस म्हणे. मग घोडी काढ. पलीकडच्या काठावर. खोगीर नको – नंतर पुलावरून जाऊन मीच उतरवलं होतं ते."

९ एप्रिल
गाई पुसून घोडी काढली. तांबडी, ओली. पाणी अरुंद केलं. पाद्रीसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी घोडी राहू दिली. देवा, माझ्या हाताकडून काही चुकलं असेल तर सांभाळून घे.

ईस्टर रविवार
व्हर्नला पोहता येत नाही. इडा गेली त्या दिवशीही येत नव्हतं – काठावरून हाका मारत होता.

आज बाप्तिस्म्याला टाकीत उतरला. छातीभर पाण्यात. घोडीकडे तोंड करून.