पाणी मी आणतो

१३ ऑक्टोबर १९९७, सोमवार

पुन्हा तार तुटली! बक्षीसाहेब काचेला नाक लावून बघत होते. "राजवाडेजी, इतना महंगा मशीन, और धागा टूट जाता है?" धागा! हा माणूस कारखान्याचा मालक. पतंग उडवत मोठा झाला, यंत्राकडेही तसंच बघतो.

परवा दसऱ्याला याच यंत्रावर नारळ फोडायला निघाला होता. हात धरून अडवलं. म्हटलं, केसाएवढ्या पितळी तारेवरून ठिणग्या उडतात, त्यांनी धातू कापला जातो, आणि हे सगळं शुद्ध पाण्यात चालतं. पाण्यात जरा क्षार गेला की ठिणगी भलतीकडे, तार खलास. "अच्छा जी," म्हणाला आणि नारळ गेटवर फोडला. समजलं काही नसणार.

१४ ऑक्टोबर

आमची विदुषी मयुरा. एम.टेक. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात जन्मली, तिथेच वाढली, मराठी बोलते तीही भाषांतर केल्यासारखी. धातू आमचा अवघड, हे खरं. ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाईडचे कण, चिक्कीत दाणे असावेत तसे. ॲल्युमिनियम ठिणगीला दाद देतं, कण देत नाहीत. तर ठिणगी किती वेळ, विश्रांती किती वेळ, तार किती ताणायची, याचं मोठं कोष्टक बाईंनी मांडलंय. दसऱ्यानंतर तिच्या आकड्यांवर यंत्र चालवतो आणि रोज तार तुटते. उथळ पाण्याला खळखळाट फार!

महिनाअखेरीस जर्मन पाहुण्यांसमोर एक तुकडा अखंड कापून दाखवायचाय. जमलं नाही तर बक्षी यंत्र विकणार. मग मला कशाला ठेवेल? पुण्याची पक्की नोकरी सोडून आलो. पन्नाशीत कुठे जाऊ? भीती वाटते. हे इथेच लिहितो, सुनेत्रालाही बोललो नाही. पण तिला कळत असावं.

१६ ऑक्टोबर

पाणी मी स्वतः आणतो. पाणी शुद्ध करायचा प्लांट चार महिने "बस, रास्ते में है जी". गुडगावच्या बोअरचं पाणी म्हणजे पातळ केलेला खडू. ओखल्याच्या व्यापाऱ्याकडून संध्याकाळी शुद्ध पाण्याचे कॅन भरून घेतो, रात्री मयूर विहारच्या आमच्या बाल्कनीत ठेवतो, सकाळी मारुतीत घालून कारखान्यात. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. या लोकांवर पाण्याचाही भरवसा नाही.

आईने नवरात्रातला देवीचा अंगारा पाठवलाय, डबाभर, दसऱ्यालाच पोचला. सुनेत्रा रोज सकाळी चिमूट घेऊन माझ्या कपाळाच्या मागे लागते. मी हाकलून देतो. इंजिनिअरची बायको म्हणे! यंत्रातलं ओ की ठो कळत नाही.

२० ऑक्टोबर

फिल्टर उघडला. राखाडी गाळ! मयुराला दाखवला. म्हटलं, बघा, तुमच्या आकड्यांनी कार्बाईडचे कण नुसते ओरबाडून निघतायत. ती गाळ बोटांवर चोळत बसली. "सर, हा कार्बाईड नाही लगत. ते चुभतं. हे तर बिल्कुल मऊ आहे."

मग म्हणते, "पाण्यातल्या क्षाराचा मीटर पण चढतोय सर. दसऱ्याच्या आधी ठीक होता. एकदा तुमच्या कॅनचं पाणी टेस्ट करूया ना?"

माझ्या कॅनचं! नाचता येईना म्हणे अंगण वाकडं. सगळ्या कामगारांसमोर झापली.

२१ ऑक्टोबर

दोनदा तुटली.

२४ ऑक्टोबर

मीटिंग. बक्षीने विचारलं, "किसकी गलती है?" मी सरळ सांगितलं, सेटिंग्ज मयुराच्या आहेत. ती एवढंच म्हणाली, "सर, पानी।" बक्षी हसला. मग मीही हसलो. तिची नोकरी अजून पक्की झालेली नव्हती, त्यामुळे तिला काढलं आणि प्रकरण तिथेच मिटलं. पाहुण्यांना बक्षी पुढच्या महिन्यात बोलावणार. आता यंत्र पूर्ण माझ्या ताब्यात.

घरी आल्यावर सुनेत्राला सांगितलं, नोकरी वाचली. ती रडली. देवासमोर साखर ठेवली. ठेवू दे.

२७ ऑक्टोबर

मयुरा सामान न्यायला आली होती. भांडेल असं वाटलं होतं, भांडली नाही. जाताना दारात थांबून म्हणाली, "मीटर बघत जा, सर." या वयात एवढा अहंकार!

२८ ऑक्टोबर

माझे आकडे लावले. तार तुटली. तिचीच घाण राहिली असणार टाकीत. टाकी पूर्ण उपसली, धुतली, माझ्या पाण्याने भरली. पुन्हा तुटली.

२९ ऑक्टोबर

सकाळी कॅन उचलत होतो. सुनेत्रा म्हणाली, "आईंना फोन करा ना. अंगारा संपत आला."

संपला कसा? मी तर लावत नाही.

"तुम्ही लावून घेत नाही, म्हणून तुमच्या कॅनमध्ये घालते. दसऱ्यापासून रोज, मूठ-मूठ. राहिली की नाही नोकरी?"