अळणी वरण

ती. आईस, राजीचा दुरूनच पाया पडून नमस्कार.

फोनवर माझा दमलेला आवाज ओळखशील, म्हणून लिहितेय. तब्येत बरी आहे. इथं संभाजीनगरात केकचे, भाज्यांचे लई क्लास आहेत, पण हॉटेलात नोकरी लागावी म्हणून मी मोठा कोर्स धरला. दिवसभर उभं राहून पाय भरून येतात.

परवा परीक्षेत माझं वरण अळणी झालं आणि मी नापास झाले. सर म्हणाले, "चाखलं का नाही?" नैवेद्याआधी चाखायचं नाय, हे तुझंच शिकवणं. चमचा तोंडाकडं गेलाच नाय. आता रोज चाखते, अन् संध्याकाळी जेवण नको वाटतं.

घरी नैवेद्य झाला की पहिला घास मी खायचे, मीठ कमी-जास्त सांगायचे. आता घरात तू एकटी. तुला कोण सांगतं गं?

तुझी,
राजी