दहावी गोळी

बेंगळूर, ३ ऑगस्ट १९५८

ती. अक्काला गुंडोचा नमस्कार.

मी खुशाल आहे, इथली हवा मानवते. शिकार कंपनीत हणमंतराव उस्ताद मला ठासणीची बंदूक शिकवतात. दारू मोजून ओतायची, गोळी गजाने ठासायची, श्वास रोखून चाप ओढायचा.

दहापैकी दहा गोळ्या निशाणावर लागल्याशिवाय घरी जायला रजा नाही. पण लागल्या, की रजेआधी पाहुण्यांनी जखमी केलेल्या वाघामागे रानात जायचं. हे आईला सांगू नकोस.

काल नऊ लागल्या. दहावी मी मुद्दाम मातीत मारली. उस्ताद लंगडत जवळ आले आणि हळूच म्हणाले, “हात नाही चुकला तुझा. मीही वर्षभर असाच चुकलो. मग घराची ओढ लागली आणि दहाही मारल्या.”

आईचा खोकला कसा आहे? खरं काय ते लिही अक्का, पण ‘घरी ये’ असं मात्र लिहू नकोस.

तुझा धाकटा,
गुंडो