बाटल्या धुणारी मुलगी

मॅडम,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी माझं तुमच्याशी भांडण मिटलेलं नाही, आणि ते मिटावं अशी माझी इच्छाही नाही. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला मी मायक्रोबायोलॉजीच्या चाचणीला गैरहजर राहिले म्हणून तुम्ही मला भर वर्गात उभं केलंत. मी कारण सांगायला लागले, तर म्हणालात, "कारणं नकोत. शिकायचंय की लोकांच्या बाटल्या धुवायच्यात, ते एकदा ठरव." मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मी खाली बसले. ते कारण आज ऐका.

सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर वसई पूर्वेला पाणी तपासणीच्या एका छोट्या लॅबमध्ये काम, हे तुम्हाला माहीत होतं. पहिले तीन महिने मी खरंच बाटल्या धुतल्या. मग नमुना घेण्याआधी नळाचं तोंड ज्योतीने भाजून निर्जंतुक कसं करायचं ते शिकले, रिपोर्ट लिहायला शिकले, चिडलेल्या गिऱ्हाइकाशी फोनवर बोलायला शिकले. जवळच्या गास गावात आमची भाजीची वाडी. आई म्हणायची, "नुसता कागद भिंतीवर लावून काय करनार? हात पन चालला पायजे." तुम्हाला मात्र मी एमएस्सी करावं, प्राध्यापक व्हावं असं वाटायचं. माझ्या हुशारीची काळजी तुम्हाला माझ्याहून जास्त होती.

चाचणीच्या आदल्या दिवशी चंदनसारच्या एका सोसायटीच्या पाण्याचा नमुना माझ्याकडे होता. इमारतीतल्या तीन-चार मुलांना जुलाब होत होते. मी परीक्षानळ्या उचलून बघते, तर प्रत्येकीत वायूचा बुडबुडा, म्हणजे पाण्यात घाणीतले जंतू असल्याची खूण. कॉलेजात हीच तपासणी आम्ही दोनदा केली होती, पण तिथे उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक असायचं. इथे कोणालाच ठाऊक नव्हतं. लॅबचे मालक बाहेरगावी. सेक्रेटरी काका रिपोर्ट न्यायला आले आणि म्हणाले, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, तूच काहीतरी घोळ घातलास. मी म्हटलं, उद्या सकाळी मी स्वतः येते, तुमच्यासमोर नमुना घेते.

म्हणून मी चाचणीला नव्हते, मॅडम. त्या वेळी मी चंदनसारला जमिनीखालच्या टाकीपाशी गुडघ्यांवर बसले होते. झाकणाला तडा गेलेला आणि शेजारच्या गटाराचं पाणी तिथून आत झिरपत होतं. सेक्रेटरी काकांनीही ते वाकून पाहिलं. मग जिन्यात जमलेल्या बायकांना मी अर्धा तास समजावत होते की पाणी साफ दिसलं तरी त्यात जंतू असू शकतात, टाकी रिकामी करून धुवेपर्यंत उकळूनच प्या. एकोणीस वर्षांची होते मी. इंग्रजीत पाठ केलेलं सगळं मराठीत, त्यांना पटेल असं सांगताना मला पहिल्यांदा कळलं की मला ते येतं. हे तुमच्या कुठल्या चाचणीत होतं, सांगा.

हजेरी कमी पडली म्हणून तुम्ही माझ्या जर्नलवर सही केली नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत पाच प्रॅक्टिकल्स परत करायला लावलीत. मी केली. तुम्ही रोज समोर बसून पेपर तपासत होतात आणि आपण कामापलीकडे एक शब्द बोललो नाही. तरीही मी नोकरी सोडली नाही. डिग्रीही सोडली नाही. एमएस्सी केलं नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. आज एका लॅबचा जंतुतपासणी विभाग माझ्याकडे आहे. कॉलेजात शिकणाऱ्या तीन मुली हाताखाली आहेत आणि त्यांच्या कामाच्या पाळ्या मी त्यांच्या प्रॅक्टिकलचं वेळापत्रक बघून लावते. दोन्ही करता येतं, मॅडम. अवघड असतं, एवढंच.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही. पण एक गोष्ट सांगून टाकते. कॉलेजात तुमची शोकसभा होती, तेव्हा मी आले होते. गेटपर्यंत. आत गेले असते तर कोणीतरी नक्की म्हणालं असतं की हिला मॅडमनीच घडवलं, आणि मला ते नाकारता आलं नसतं. म्हणून मी रिक्षा परत फिरवली.