निळ्या झाकणाची डबी

३ मार्च

दवाखान्याच्या तपासणी मोहिमेसाठी आज बस डेपोत पन्नाशीपुढचे बावीस बसवाले पुरुष समोर बसवले. निळ्या झाकणाची डबी दाखवली. सकाळी शौचाचा कणभर नमुना काडीने घ्यायचा, डबीत घालायचा, वर नाव लिहायचे. डोळ्यांना न दिसणारे रक्त असेल तर कळते, आतड्याचा कॅन्सर वेळेत सापडतो. एवढेच.

नाकाला रुमाल! डबी रिकामी, तरीही. "बाई, आत्ताच जेवलोय," हेडमेकॅनिक म्हणाला. "हे आमच्या हिला शिकवा. घरातली घाण तीच काढते." सगळे खिदळले.

यांच्या पोरांचे, यांच्या अंथरुणाला खिळलेल्या आईबापांचे गूमूत कोणी काढले? मला शिसारी आली. डबीची नव्हे.

५ मार्च

घरीही तेच. हे म्हणाले, "मला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे मी." यांच्यासाठी आणलेली डबी यांनी दोन बोटांनी उचलून कपाटावर ठेवली — मेलेली पाल उचलावी तशी.

कॉन्व्हेंटच्या शाळेत एकदा प्रार्थनेच्या वेळी मला उलटी झाली होती. सिस्टरनी स्वतः पुसली. म्हणाल्या, "शरीराची लाज नाही बाळगायची, खोटेपणाची बाळगायची." त्यांच्या हातांना कार्बोलिक साबणाचा वास यायचा. आज तो वास फार हवासा वाटला.

१० मार्च

एकही डबी परत नाही. हेडमेकॅनिकने वर पेच टाकला. हे निवृत्त होईपर्यंत त्याच डेपोत फोरमन होते ना! "आधी साहेबांची डबी येऊ दे, बाई. मग आमची."

हे ढिम्म.

१२ मार्च

केले. माझाच नमुना यांच्या डबीत घातला. वर यांचे नाव, वय — शाळेत गिरवलेल्या सुवाच्य अक्षरात. डेपोतल्या टेबलावर नेऊन ठेवली. कपाटावरची डबी गेली हे यांच्या लक्षातही नाही.

१४ मार्च

चौदा डब्या आल्या! हेडमेकॅनिकची वर्तमानपत्रात गुंडाळलेली. "साहेबांनी दिली म्हटल्यावर काय," म्हणाला, आणि मान खाली घातली.

जिंकले म्हणायचे. पण दिवसभर हात धुते आहे. त्यांची किळस करता करता स्वतःचीच येऊ लागली. सिस्टर, तुमच्यासमोर उभी राहू शकले नसते.

२४ मार्च

दवाखान्यातून नर्सचा फोन. पंधरापैकी चौदा ठीक. एका डबीत रक्त सापडले आहे, पुढची तपासणी लगेच करावी लागेल.

"ताई, धीर धरा," ती हळूच म्हणाली. "साहेबांची आहे."

हे बाहेर पेपर वाचताहेत. ठणठणीत. चहा मागताहेत.