रविवार, अकरा ते पाच

आई, तुला जाऊन तीस वर्षं झाली, मी स्वतः सत्तरीला टेकले, आणि अजून मी तुझ्यावर चिडलेली आहे. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून तुलाच लिहिते.

तीस साली इंग्रजांनी आपल्या गावात मार्शल लॉ लावला, त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. बाबांनी दुसरं लग्न केलं, त्याच आठवड्यात तू मला घेऊन घर सोडलंस, शुक्रवार पेठेत माडीवरची एक खोली भाड्यानं घेतलीस आणि मुलींच्या शाळेत नोकरी धरलीस. बाबा गिरणीच्या कचेरीत हेडक्लार्क. त्यांनी कोर्टात अर्ज केला की मुलगी माझी आहे, माझ्या ताब्यात द्या. चौदा वर्षांची मी कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते, एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला बाबा. आत काय चाललंय ते मला कुणी सांगितलं नाही. शेवटी तुझ्या वकिलांनी हुकूम वाचून दाखवला. मुलीनं बापाकडे राहावं, दर रविवारी अकरा ते पाच आईकडे जावं, मॅट्रिक होईपर्यंत तिची शाळा सोडवू नये, लग्न करू नये, आणि सोळा पुरी झाली की कोर्ट तिलाच विचारील. वकील म्हणाले, "बाई, याहून जास्त काही मिळालं नसतं." तू मान हलवलीस. मला रडू फुटलं, तर म्हणालीस, "डोळे पूस. ते बघतायत."

मग ते रविवार. मी धावत जिना चढून यायचे आणि तू पाटी घेऊन तयार. आधी गणित, मग इंग्रजी व्याकरण, मग जेवण. तुझ्या हातची भाकरी आणि शेंगांची चटणी खाताना मला तुझ्याशी बोलायचं असायचं, बाबांच्या घरी मला कुणाला काय हाक मारावी लागते ते सांगायचं असायचं. तू म्हणायचीस, "तिथलं इथं सांगू नकोस, इथलं तिथं नेऊ नकोस." पावणेपाचला उठायचीस आणि माझी वेणी घालायला घ्यायचीस. किती ओढून घालायचीस! एकदाही म्हणाली नाहीस की थांब गं आणखी दहा मिनिटं.

आणि तो बुधवार. दुपारी शाळेतून निघताना मैत्रिणीनं सांगितलं की उद्या मला बघायला अक्कलकोटहून माणसं येणार आहेत, तिच्या आईनं विहिरीवर ऐकलं होतं. मी घरी गेलेच नाही. उन्हातून चालत तुझ्याकडे आले. तू शाळेतून नुकतीच येऊन पदरानं मान पुसत होतीस. मला बघून तुझा चेहरा पांढरा पडला.

"आज बुधवार आहे," तू म्हणालीस.

मी सगळं सांगितलं. तू उंबरठ्याच्या आत, मी बाहेर. तू तांब्या पुढे केलास, पण आत ये म्हणाली नाहीस. खालून घरमालकीण ओरडली, "अवो बाई, पोरगी उनातनं आलीया, आत तर घ्या की!" तू म्हणालीस, "नाही. हुकूम रविवारचा आहे. तिनं परत जायला हवं, आत्ताच." आणि दार लावलंस. मी जिन्यावर थोडा वेळ बसले होते. आत तुझ्या हालचालीचा आवाजसुद्धा येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी माणसं आली नाहीत. मला वाटलं, माझं नशीब. रविवारी तू पुन्हा पाटी काढलीस आणि त्या दुपारबद्दल अवाक्षर बोलली नाहीस. त्या दिवसापासून मी तुझ्याकडे यायचे ती हुकूम म्हणून.

मला सोळा पुरी झाली तेव्हा कोर्टाच्या साहेबांनी मला त्यांच्या खोलीत एकटीलाच बोलावलं. पंखा ओढणाऱ्यालासुद्धा बाहेर पाठवलं. "बाळ, कुणाकडे राहायचंय?" मी म्हणाले, "वडिलांकडे." त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणाले. बाहेर तू उभी होतीस, नवं लुगडं नेसून. निकाल ऐकून तू माझ्याकडे नाही, बाबांकडे बघितलंस.

तू गेल्यावर मी खोली रिकामी करायला आले तेव्हा घरमालकीण जिन्यात बसून रडत होती. तिनं सांगितलं, "त्या बुधवारी तू गेल्यावर म्या वर गेले, तर तुजी आई भुईवर बसली व्हती. लई रडली. मग तशीच उटली आन् वकिलाच्या दारात जाऊन बसली. रातीच्या आत तुज्या बापाला कोर्टाच्या हुकमाचा कागद धाडायला लावला. तवा तर ती मान्सं आली न्हाईत. तुला आत घेतली असती तर तुज्या बापानं रविवार बी बंद केला असता की." आई, पुढच्या रविवारी तू मला एवढं एक वाक्य सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? मी लहान नव्हते. कोर्ट ज्या मुलीला विचारणार होतं, तिला तू काहीच सांगण्याजोगी समजली नाहीस. तुझं सगळं बरोबर होतं, आणि मला मात्र बंद दार तेवढं मिळालं. याचा राग कुणावर काढू?

हा कागद लिहून झाला की मी फाडणार आहे, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. माझी मॅट्रिक झाली, मला नोकरी लागली, आपण पुन्हा भेटू लागलो, आणि तू शेवटपर्यंत येईल त्याला सांगायचीस, "तिच्या बापानं पढवून पाठवलं होतं, नाहीतर माझी पोर असं बोलली नसती." मी दर वेळी मान खाली घालून गप्प बसायचे. बाबांनी मला काही पढवलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी ते एवढंच म्हणाले होते, "तुला आईकडे जायचं असेल तर तसं सांग, मी आड येणार नाही." तुला हे मी कधी कळू दिलं नाही.