गेममधले एकशे बारा बदल

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.४०

आजपासून रोजनिशी. रजा मिळाली. आठ आठवडे. लिफ्ट दुरुस्तीच्या सतरा वर्षांत सलग चार दिवस कधी घरी बसलो नव्हतो. साहेब म्हणाले, तू वडिलांचं बघ, लिफ्टा आम्ही बघतो. कसल्या बघतात ते कळेलच त्यांना.

बाबांना पॅरालिसिसचा झटका येऊन महिना होत आला. उजवी बाजू गेली. फिजिओबाई म्हणतात 'गेली' म्हणू नका, 'झोपली' म्हणा. पहिले तीन महिने हात हलवत राहिलं तर जागी होते. नंतर मग जेवढं आलं तेवढंच.

ताई म्हणत होती, मी नेते बाबांना माझ्याकडे. मी म्हटलं, मुलगा अजून जिवंत आहे. ती काही बोलली नाही. पटलं तिला.

व्यायाम दिवसातून तीनदा: नऊ, एक, पाच. बॉल दाबणे. वाडग्यातली बटणं उचलून दुसऱ्या वाडग्यात टाकणे. बोटं एकेक करून उघडणे. तक्ता करून फ्रिजवर लावला, झाला की खूण. बाथरूममध्ये धरायला स्टीलचा दांडा बसवायचा आहे. आणून ठेवलाय. उद्या बसवतो. माझ्यासारख्याला अर्ध्या तासाचं काम.

दुसरी बातमी, आणि हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. ज्या कंपनीचा गेम मी अकरा वर्षं खेळतोय, ती नवीन आवृत्ती काढतेय आणि खेळाडूंकडून सूचना मागवतेय. मुदत १५ मार्च. अकरा वर्षं. गेममध्ये काय चुकलंय ते माझ्याइतकं त्यांनाही माहीत नसेल. व्यवस्थित यादी करायची. अशा यादीवरून माणसाला नोकरीला बोलावतात, असं वाचलंय कुठेतरी.

दोन्ही कामं आरामात होतील.

५ फेब्रुवारी, बुधवार

यादी सुरू. नं. १: पॉज. चारपाच जण मिळून ऑनलाइन खेळतो तेव्हा गेम थांबवताच येत नाही. लघवीला जायची सोय नाही. माणसाला घरदार असतं हे कंपनीच्या लक्षातच आलेलं नाही.
नं. २: घोडा दारात अडकतो.
नं. ३: पाऊस छपरातून आत पडतो.

व्यायाम सकाळी झाला. एक वाजता बाबा झोपले होते. झोपलेल्या आजाऱ्याला उठवणं बरं नव्हे. पाच वाजता मी नं. ९ वर होतो आणि ओघ तुटला असता. तिन्ही खुणा केल्या. विश्रांती हाही स्नायूंचा व्यायामच आहे.

दांडा: टाइलला भोक पाडायचं ड्रिलचं बिट ऑफिसात राहिलं असणार. त्याशिवाय टाइल तडकते. घाईचं काम मला जमत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज फक्त नं. १७ वर काम केलं. पूर्ण दिवस गेला, पण चीज झालं.

किल्ल्याच्या मनोऱ्यातली लिफ्ट. इतकी वर्षं बघवत नाही मला. तोल धरायला उलट बाजूचं वजन, काउंटरवेट, नाही. दोर एकच. मजल्यावर कठडा नाही, माणूस सरळ खाली. शत्रूपेक्षा त्या लिफ्टने जास्त माणसं मारली आहेत. आकृतीसकट अडीच पानं लिहिली. सुरक्षा ही शेवटी सवय असते, असा समारोप केला.

बायको चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून आली. विचारलं, दांडा? बिटाचं सांगितलं. म्हणाली, टूलबॉक्समध्ये बघितलंस का? माझ्या टूलबॉक्समध्ये काय आहे ते मला माहीत नसेल तर कोणाला असेल? बघितलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी ३

जबरदस्त कल्पना. बाबांच्या हातात कंट्रोलर दिला. व्यायामही आणि खेळही. हे त्या फिजिओबाईंना सुचलं नसतं.

उजवा अंगठा हलेना, पण डाव्याने त्यांनी माझा सैनिक बराच लांब नेला. लढायला नाही. नदीच्या कडेकडेने. एका झाडाशी थांबले. मग सगळी बटणं दाबून बघायला लागले. काय पाहिजे, विचारलं. झटक्यापासून त्यांचे शब्द अडखळतात. तीनदा म्हणाले तेव्हा कळलं. "बसू दे त्याला."

म्हटलं, बाबा, ह्या गेममध्ये बसता येत नाही. एवढं मोठं जग, आणि बसता येत नाही? असं काहीतरी म्हणाले. हसले बहुतेक. त्यांचं हसू हल्ली एकाच बाजूला येतं, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

त्यांच्या समाधानासाठी सूचना लिहून घेतली. नंतर काढून टाकली. माणूस बसला तर खेळ पुढे कसा सरकणार?

संध्याकाळी त्यांनी पुन्हा कंट्रोलर मागितला. माझी गेममधल्या चौघांशी वेळ ठरली होती. उद्या देतो म्हटलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कंट्रोलर द्यायचा राहिला. त्यांनीही आठवण केली नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

फिजिओबाई आल्या. मूठ मोजली, बोटं मोजली. पंधरवड्यात काहीच फरक नाही म्हणाल्या. मग फ्रिजवरचा तक्ता बघितला. एकही खूण चुकलेली नाही. बराच वेळ बघत राहिल्या. आश्चर्य आहे, म्हणाल्या.

मी स्पष्ट सांगितलं. म्हटलं, मी माझ्याकडून सगळं करतोय, पण ह्यांचंच लक्ष नाही. मनच घालत नाहीत. वय झालं की माणूस हट्टी होतो.

बाबा समोरच होते. भिंतीकडे बघत होते. कदाचित नीट ऐकूही येत नसेल. कान तपासून घ्यायला हवेत.

बाईंनी जाताना दांड्याचं विचारलं. खोकं सोफ्याखाली आहे हे त्यांना दिसलं. म्हणाल्या, हे आजच्या आज करा, बाकी सगळं राहू द्या. त्यांचा स्वभाव जरा हुकूमशाही आहे. आज करणारच होतो. आता त्यांनी सांगितल्यामुळे केलं असं व्हायला नको. उद्या.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नं. ५८ माझ्या मते संपूर्ण यादीतली सर्वात खोल सूचना आहे. पुलावरचा म्हातारा. अकरा वर्षं तो प्रत्येकाला एकच वाक्य म्हणतो, "पलीकडे जाऊ नकोस." कितीही वेळ उभे राहा, तेच. मी लिहिलं की खेळाडू त्याच्याजवळ घटकाभर थांबला तर त्याने दुसरं काहीतरी बोलावं. माणूस आहे, त्याच्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी असणारच.

खेळाडूंच्या ग्रुपवर टाकली. तीन प्रतिसाद. त्यातला एक नुसता अंगठा. तरी विचार पोचला.

बाबा दुपारभर काहीतरी सांगत होते. कळलं नाही. हो हो म्हटलं.

वेळ वाचावा म्हणून तक्त्यावर २८ तारखेपर्यंतच्या खुणा एकदमच करून टाकल्या. व्यायाम आपण करणारच आहोत. लिहिण्याचं काम तेवढं आधी उरकलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नं. ८१ ते ८८. बाणांची संख्या. ढालीचं वजन. उंचावरून पडल्यावर होणारी इजा फारच जास्त दाखवतात. सहा फुटांवरून पडून कोणी मरतं का?

ताईचा फोन. बाबा कसे आहेत? उत्तम म्हटलं. हात? येतोय म्हटलं. बाबांकडे फोन दे म्हणाली. झोपलेत म्हटलं. ते जागे होते, पण बोलले असते तर तिला उगाच काळजी.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बाबा पडले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. हॉस्पिटल, बाकावर

नीट लिहून ठेवतो, नाहीतर नंतर लोक काहीही बोलतात.

काल सकाळी ११.४०. आम्ही पाच जण किल्ल्याच्या दारात. तीन आठवडे ह्या हल्ल्याची तयारी चालू होती. मी पुढे, ढाल माझ्याकडे. मी हललो तर मागचे चौघे मरतात. बाबांनी आतून हाक मारली. मी म्हटलं, एक मिनिट बाबा. त्यांनी परत हाक मारली. मी परत म्हटलं, एक मिनिट.

एक मिनिटच. फार तर बारा.

ते एकटेच उठले. भिंतीला धरून बाथरूमपर्यंत गेले. एवढं अंतर त्यांना चालता येतं हे मलाच माहीत नव्हतं. म्हणजे प्रगती होती. आत धरायला काही नव्हतं.

खुब्याचं हाड. आज ऑपरेशन.

गेममध्ये पॉज असता तर हे घडलंच नसतं. हे मी यादीत पहिल्या नंबरवर लिहिलं आहे, आणि तारीख ५ फेब्रुवारी आहे.

१ मार्च, शनिवार

ऑपरेशन झालं. हाड जोडलं. पुढचे काही आठवडे हाताचे व्यायाम मागे पडणार, आधी पाय, असं डॉक्टर म्हणाले. आत्तापर्यंत घरी काय केलं ते लिहिलेलं आहे का, विचारलं. बायको म्हणाली आहे, आणि घरी जाऊन तक्ता घेऊन आली.

डॉक्टरांना देण्याआधी तिने तो वाचला. मग मला व्हरांड्यात बोलावलं.

म्हणाली, "गुरुवारी पाच वाजता बॉल दाबलाय त्यांनी."

मी तक्त्याकडे बघितलं.

"गुरुवारी पाच वाजता ते इथे स्ट्रेचरवर होते. काल ऑपरेशन टेबलवर होते, आणि तीनही वेळा बटणं उचलली आहेत."

मी म्हटलं, नोंदीत थोडा घोळ झाला असेल.

"बाकीच्या दिवशी केलंस का?"

म्हटलं, बऱ्याचदा. किती, विचारलं तिने. मी मोजायला लागलो. तिने तक्ता चार घड्या करून पर्समध्ये ठेवला. डॉक्टरांना दिला नाही. ओरडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

६ मार्च, गुरुवार

ताई बाबांना घेऊन गेली. हॉस्पिटलमधूनच, ॲम्ब्युलन्सने. बायकोने फोन करून तिला बोलावलं होतं. मला सगळं ठरल्यावर कळलं. तात्पुरतं आहे.

मी ताईला परिस्थिती समजावून सांगणार होतो. तिने फक्त विचारलं, त्यांचे कपडे कुठे आहेत? मी बॅग भरून दिली. बॉल आणि बटणं राहिली.

ॲम्ब्युलन्सचं दार लावताना बाबांना म्हटलं, लवकर बरे व्हा, मी न्यायला येतो. ते छताकडे बघत होते.

७ मार्च, शुक्रवार. सकाळी ११

दांडा बसवला. पंचवीस मिनिटं लागली. टाइलचं बिट टूलबॉक्समध्येच होतं, ड्रिलखाली. लेव्हल लावून बघितली, केसाचाही फरक नाही. पूर्ण वजन टाकून लोंबकळलो. हलत नाही. काम बघून कोणीही म्हणेल, कारागीर आहे.

बायको कामावर निघाली होती. दारात येऊन दांड्याकडे बघितलं. मग दिवा बंद करून गेली. मी आतच होतो.

१५ मार्च, शनिवार

शेवटची तारीख. एकशे बारा सूचना, चौसष्ट पानं, लिफ्टच्या आकृत्या वेगळ्या. सकाळी आंघोळ करून बसलो.

फॉर्ममध्ये एकच चौकोन. 'आपली सूचना लिहा. मर्यादा: तीनशे अक्षरं.' एका माणसाची एकच सूचना.

दुपारपर्यंत निवडत बसलो. लिफ्ट तीनशे अक्षरांत मावत नाही. म्हाताराही मावत नाही. शेवटी पॉज पाठवला. कारणासकट, म्हणजे घरात आजारी माणूस असू शकतो, वगैरे. हेच ग्रुपवरही टाकलं, लोकांनी पाठिंबा द्यावा म्हणून.

पाच मिनिटांत एकाचं उत्तर आलं. किल्ल्याच्या दारात माझ्या मागे उभ्या असलेल्या चौघांपैकीच तो. लिहितो, "दादा, पॉज चार वर्षांपूर्वीच आलाय. सेटिंग्जमध्ये आहे. बाकीच्यांना फक्त विचारावं लागतं. सगळे हो म्हणाले की थांबतो. आम्ही नेहमी हो म्हणतो."

जाऊन बघितलं. आहे.

मी कधी विचारलंच नव्हतं.

१६ मार्च, रविवार

काही नाही.

२१ मार्च, शुक्रवार

कंपनीचं पत्र. आपली सूचना मोलाची आहे. सदर सोय उपलब्ध असल्याने विचारात घेता येत नाही.

बायको सध्या जेवण झाकून ठेवून झोपते. दमत असेल.

३० मार्च, रविवार

उद्यापासून कामावर. आज ताईकडे गेलो. बसने तीन तास. वाटेत काय बोलायचं ते ठरवलं होतं: बाथरूम तयार आहे, मी शिकलोय, घरी चला.

बाबा खिडकीपाशी खुर्चीत. समोर वॉकर. उजव्या हाताची दोन बोटं उघडतात आता. ताई रोज करून घेते. तिकडच्या फिजिओने सांगितलंय, पाय येईल. हाताचं, जेवढं आलंय तेवढंच धरून चला. आणखी आधी सुरू व्हायला हवं होतं. ताईने हे मला भाजी चिरताना सांगितलं, वर न बघता. मग औषधं आणायला बाहेर गेली. वीस मिनिटांत येते म्हणाली.

मी आणि बाबा. मी बसचं सांगितलं. उन्हाचं सांगितलं. ते ऐकत होते. कान चांगले आहेत त्यांचे.

मग ते चुळबुळायला लागले. मला कळलं. उठून वॉकर पुढे केला, हात दिला. म्हटलं, चला बाबा, मी नेतो. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि मान हलवली. नाही. मी म्हटलं, मी आहे ना, धरतो घट्ट. पुन्हा नाही. डाव्या हाताने खुर्चीचा दांडा धरून ठेवला आणि दाराकडे बघत बसले. ताईची वाट बघत.

मी समोर बसलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. घड्याळ त्यांच्या डोक्यावरच होतं. चौदा मिनिटं झाली. मग त्यांच्या पायाखाली फरशीवर पाणी पसरायला लागलं.

मी खाली बघितलं नाही असं दाखवलं. ते मला कळलंय हे त्यांना कळलं होतं. त्यांचा चेहरा मी एकदाच बघितला. ह्या माणसाने मला शाळेत सोडलं, फी भरली, लग्न करून दिलं, चाळीस वर्षांत कधी कोणासमोर शर्टाचं वरचं बटण उघडं ठेवलं नाही.

उठलो. पुसायला फडकं शोधायला लागलो. स्वयंपाकघरात नाही, बाथरूममध्ये नाही, गॅलरीत नाही. ताईच्या घरात काय कुठे असतं ते मला माहीत नाही. परत येऊन बाबांसमोर उभा राहिलो आणि विचारलं, "बाबा, फडकं कुठे आहे?"

त्यांनी डाव्या हाताने दाखवलं. दाराच्या मागे.

घेतलं आणि खाली बसून पुसलं.